विस्तवाचा मान

आबा धुरींची मोटरसायकल दुरुस्त करू शकणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच आहे आणि तो आमच्या सुरंगखोलात राहतो, असे भाई धुरी एकेकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत असे. हल्ली तो हे सांगत नाही. गाडी मात्र अजून चालते.

तो माणूस म्हणजे अब्बास होडेकर. उंच, वाळका, डोक्यावर पांढरी टोपी, मान जराशी पुढे काढून चालणारा. चष्म्याच्या काड्यांना सुतळी बांधून तो गळ्यात अडकवलेला, अंगाला कायम रॉकेलचा वास. त्याच्या गॅरेजला पाटी नाही. घराची पडवी हेच गॅरेज. पडवीच्या एका कोपऱ्यात फातिमाची सुकी मासळी, दुसऱ्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या उघडलेल्या गाड्या. फातिमा, त्याची बायको, येणाऱ्या प्रत्येकाला सुनवायची, ‘‘माझो पाण्याचो पंप बंद पडान म्हयनो झालो. हेंचो जीव लोकांच्या गाडयेत!’’ त्यावर अब्बास शांतपणे म्हणायचा, ‘‘पंपाक जीव नाय गो. तो आपणहून बिघडता नि आपणहून बरो होता.’’

मी दशावतारी माणूस. चाळीसेक वर्षे अंगावर खोटे दागिने चढवून, एका बाकड्याला सिंहासन समजून, देवळादेवळांपुढे राजा म्हणून उभा राहिलो. आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र उभ्या उभ्या रचायचे. ते संवाद अब्बास पहाटेपर्यंत पहिल्या रांगेत बसून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी मला वाटेत गाठायचा. ‘‘दाजीनू, काल राजा लय लवकर रागावलो. जरा इंजिन तापांदे, मगे गियर टाका.’’ माझ्या अभिनयावरची एवढी नेमकी टीका मला कुठल्या पेपरात वाचायला मिळाली नाही.

आता गाडीबद्दल. भाईचे वडील आबा आमच्या गावाचे मानकरी होते. त्यांनी बेळगावहून ही गाडी आणली तेव्हा गावात रस्ताही धड नव्हता. काळी, गोल टाकीची, दोन नळकांड्यांची. किक मारली की आधी खोकायची, मग धूर सोडायची, मग अख्ख्या वाडीला जागी करायची. गावात मोटरसायकल उघडून बघायची पहिली संधी आबांनी अब्बासला दिली ती याच गाडीवर. आबा गेले आणि गाडी मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, पडून राहिली. तिच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली.

ती बाहेर काढायचे भाईच्या मनात आले ते फार उशिरा, स्वतःच्या डोक्याचे केस पिकल्यावर. पण काढल्यावर तो सरळ अब्बासकडे गेला नाही. मानकऱ्याची गाडी, ती मोठ्या गॅरेजात जायला हवी असे त्याला वाटले. टेम्पोत घालून कुडाळला नेली. तिथल्या मुलाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारून विचारले, ‘‘काका, हिचं स्टार्टर बटण कुठे आहे?’’ सावंतवाडीत एकाने सल्ला दिला, गोव्यातल्या हॉटेलवाल्याला विका, ते असल्या गाड्या भिंतीवर टांगतात. वेंगुर्ल्यात एकाने ती उघडली, पण परत करताना निम्मे बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. ती पिशवी घेऊन भाई एका सकाळी अब्बासच्या पडवीत उभा राहिला. मी तिथे चहा पीत होतो.

‘‘इलंस?’’ अब्बास म्हणाला. ‘‘सगळे डॉक्टर करून झाले, मगे हकिमाची आठवण झाली?’’

‘‘मेल्या, बोलून घे. पण गाडी होतली मां?’’

अब्बासने गाडीच्या टाकीवरून तळवा फिरवला आणि फातिमाला हाक मारली, ‘‘गो, आबांची गाडी इली. चाय टाक.’’ जणू आबाच आले होते.

पुढचे तीन-चार महिने अब्बासने त्या गाडीच्या पायी घालवले. पिस्टनच्या रिंगा कोल्हापूरच्या भंगारबाजारातून आल्या. क्लचच्या पट्ट्या त्याने दुसऱ्याच गाडीच्या घेऊन कानसून बसवल्या. भाई रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसे, आणि दोघे लहानपणीच्या गोष्टी काढून एकमेकांना शिव्या देत. ते दोघे तसे बसलेले मला अजून दिसतात. चांगले दिसत होते.

आता आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे गावपळण असते. चार वर्षांनी एकदा, मार्गशीर्षात, देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवसांसाठी शिवेबाहेर जातो. माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या, सगळे. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, घंटा वाजत नाही. ते तीन दिवस गाव देवाचा. आम्ही ओढ्यावरच्या साकवापलीकडच्या काजूच्या भरडावर, म्हणजे उंच माळावर, झावळ्यांचे झाप बांधून राहतो, भजने करतो, पत्ते कुटतो, सुना-सासवा एका चुलीवर आल्यामुळे भांडतात आणि गोडही होतात. चौथ्या दिवशी शिवेवरच्या पाषाणाला गुरव फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली की आत जायचे. डावी पडली की देव अजून नको म्हणतो.

या पळणीत होडेकरांचे घर पहिल्यापासून आहे. नुसते आहे असे नव्हे, त्यांना मान आहे. पूर्वी कधी तरी परतायच्या दिवशी अवकाळी पाऊस झाला, सगळ्या चुली विझल्या, आणि होडेकरांच्या कुणा पूर्वजाने नारळाच्या सोडणात विस्तव धुमसत ठेवला होता, त्यावर देवळातला धूप पेटला. तेव्हापासून गाव भरताना, म्हणजे परत आत येताना, पहिला मानकरी नारळ घेऊन शिरणार आणि त्याच्या मागोमाग होडेकर विस्तव घेऊन. देवळाच्या पायरीशी तो विस्तव गुरवाच्या हातात द्यायचा, आणि त्यावर गावातला पहिला धूप. अब्बास तीन दिवस त्या सोडणापाशी बसून असायचा. कुणी विडी पेटवायला विस्तव मागितला तर म्हणायचा, ‘‘ह्यो देवाचो. तुझी काडी खंय गेली?’’ नमाज पढायला उठला तर फातिमाला तिथे बसवून जायचा. त्याच्याजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता, पाटीसुद्धा नव्हती. हा विस्तव होता.

करोना येऊन गेल्यावरची ती पळण. गाव उत्साहात होता. मुंबईची माणसे आलेली. शिवाय कुठल्याशा चॅनेलची अनुजा नावाची मुलगी कॅमेरे घेऊन आली होती. गोड मुलगी, सगळ्यांना नमस्कार करायची. तिने भाईची मुलाखत घेतली आणि भाईच्या डोक्यात एक चित्र शिरले. फार पूर्वी एकदा आबा नारळ घेऊन गावात शिरले होते ते याच मोटरसायकलवरून. तसेच आपण शिरायचे, आणि ते सगळ्या महाराष्ट्राने बघायचे.

गाडी जवळजवळ तयार होती. भाईने ती टेम्पोत घालून काजूच्या भरडावर आणवली आणि माझ्या झापाशेजारच्या झाडाखाली अब्बास उरलेले काम करू लागला. तिथे तिला सगळे बसले, एक सोडून. कार्बोरेटर घरी राहिला होता. अब्बासने तो रॉकेलच्या डब्यात भिजत घातला होता, आणि निघताना फातिमाच्या कोंबड्या पकडण्याच्या गडबडीत डबा पडवीतच विसरला.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. जेवणे झाली होती, भरडावर सगळे लवंडले होते. मीही झापात चटईवर पडलो होतो. पलीकडचे बोलणे मला शब्दन् शब्द ऐकू येत होते.

‘‘मगे गाडी चालू कशी होतली?’’ भाईने विचारले.

‘‘होवची नाय. गाव भरलो काय बसवतंय. अर्ध्या तासाचां काम.’’

‘‘माका गाव भरतानाच होयी.’’

‘‘चालत जा मगे. देव काय गाडी बघून कौल देता?’’

भाई आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘तू जावन घेवन ये.’’

अब्बास हसला. ‘‘खुळो झालंस काय?’’

‘‘कोण बघता? सगळे निजले आसत.’’

‘‘देव बघता मां.’’

‘‘मेल्या, तो देव आमचो. तुका खंय बंधन आसा?’’

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मी उठून बसलो.

‘‘माझो आजो भायर बसलो,’’ अब्बास म्हणाला. ‘‘बापूस तापान फणफणत होतो, तरी भायर बसलो. आणि आज माका बंधन नाय?’’

‘‘तसां न्हय रे. तुका सूट आसा, असां समज. आणि मानकरी कोण? मी. मी सांगतंय, जा म्हणान. काय झालांच, तर देवासमोर मी उभो ऱ्हवतलंय.’’

मी झापातून बाहेर आलो. म्हटले, ‘‘अब्बास, जाव नको.’’

भाई चमकला. ‘‘दाजी, तुमी निजा. म्हाताऱ्या माणसान दुपारचा निजूचा.’’

अब्बास हात पुसत उभा होता. त्याने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, ‘‘दाजीनू, मानकऱ्यान सांगल्यार नाय कसां म्हणतलंय?’’

तो गेला. साकव ओलांडून, पायवाटेने, मान पुढे काढून. मी पुष्कळ विचार केला आहे की तो का गेला. गाडीचा मोह होताच. पण मला वाटते, खरे कारण त्याने सांगितले तेच. गावाचे बंधन मानणारा माणूस मानकऱ्याचा शब्दही मानतो. ते बंधन त्याने मानले नसते तर त्याने भाईला चार शिव्या घालून बसवले असते.

अब्बास थोड्या वेळाने परत आला, हातात रॉकेलचा डबा. त्याने सोडणातल्या विस्तवावर फुंकर मारली आणि कामाला लागला. संध्याकाळी गाडी पहिल्या किकला चालू झाली. पोरे नाचली. भाईने अब्बासला मिठी मारली. मी ती मिठी पाहिली आहे, म्हणून लिहितो.

तिसऱ्या दिवशी उन्हे उतरताना अनुजाने लॅपटॉप काढला. तिच्याजवळ ड्रोन होता, आणि आदल्या दिवशी तिने तो गावावरून फिरवला होता. ‘‘बघा ना काका, तुमचं गाव वरून किती सुंदर दिसतं,’’ म्हणत तिने सगळ्यांना गोळा केले. खरोखरच सुंदर होते. रिकामा रस्ता, रिकामी अंगणे, देवळाचे कौलारू छप्पर, वाळत घातलेले एक विसरलेले लुगडे. आपलेच गाव, आपण नसताना. बायका ‘ह्यां माझां घर, तां तुझां’ करीत बोटे दाखवीत होत्या. आणि मग त्या रिकाम्या रस्त्यावरून एक ठिपका चालत आला.

‘‘तो कोण गो?’’ सावित्री गुरवीण म्हणाली.

ठिपका होडेकरांच्या अंगणात शिरला, बाहेर पडला. हातात डबा. डोक्यावर पांढरी टोपी.

अनुजाला कळले तेव्हा तिने पटकन लॅपटॉप मिटला. पण मिटल्यावर काही दिसेनासे होत नाही. त्या बिचारीचा दोष नाही. ती आमच्या गावाची शांतता टिपायला आली होती.

रात्रभर भरडावर कुजबुज होती. मी भाईकडे गेलो. म्हटले, ‘‘भाई, सकाळी तूच सांग. चूक झाली म्हण. लोक आयकतले.’’ तो म्हणाला, ‘‘बघूया.’’ नाटकात हा शब्द कुठल्या पात्राच्या तोंडी आला की मला समजायचे, हा पुढच्या प्रवेशात पळणार.

सकाळी पाषाणापुढे सगळा गाव उभा राहिला. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या, पाणी शिंपडले, देवाला विचारले. बराच वेळ दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. मग डावी पडली.

माना वळल्या. अब्बास आपल्या जागी उभा होता, मानकऱ्याच्या मागे, हातात धुमसते सोडण.

‘‘आत कोण गेल्लो तां सगळ्यांनी बघलां,’’ मागून कुणीतरी म्हणाले.

‘‘मी गेललंय,’’ अब्बास म्हणाला. ‘‘कार्बोरेटर हाडूक. भाईन सांगल्यान म्हणान.’’

सगळ्यांनी भाईकडे पाहिले. भाईने पाषाणाकडे पाहिले. ‘‘गाडी कधी होतली, इतक्याच मी विचारलंय. आत जा म्हणान मी कसो सांगतलंय? मी मानकरी आसंय.’’

‘‘भाई,’’ अब्बास म्हणाला, ‘‘माझ्याकडे बघून सांग.’’

भाईने बघितले नाही.

मी पुढे झालो. म्हटले, ‘‘मी माझ्या कानांनी आयकलंय. भाईन त्येका धाडल्यान. देवासमोर मी उभो ऱ्हवतलंय म्हणाललो. आता ऱ्हव म्हणा उभो.’’

भाई हसला. बरे हसला. ‘‘दाजी, ह्यां नाटक आता ऱ्हवांदे. तुमका खंयव गेल्यार राजा होवचो आसता.’’

आणि लोक हसले. दुष्टपणाने नव्हे. तीन दिवस उघड्यावर काढलेली, घरी जायला आसुसलेली माणसे, त्यांना हसायला निमित्त हवे होते. आयुष्यभर खोट्या राजाच्या तोंडून जे बोललो ते याच माणसांनी खरे मानून डोळे पुसले. त्या सकाळी स्वतःच्या तोंडाने खरे बोललो, तर टाळ्या तेवढ्या पडायच्या राहिल्या.

‘‘त्येचा काय चुकला?’’ एक म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली. ‘‘त्येंका खंय बंधन आसा? आमचां आमी बघूक होया होतां.’’ तिला बिचारीला वाटत होते, ती अब्बासची बाजू घेते आहे.

मग भाईने गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मानकऱ्याने मोठ्या आवाजात केलेली विनवणी, आणि तिच्या प्रत्येक चरणाला गावाने होकार द्यायचा. भाईचा आवाज खणखणीत, आबांसारखा. त्या दिवशी तो थोडाही कापला नाही.

‘‘बा देवा म्हाराजा! आज गाव तुझ्या पायाशी उभो आसा म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’

‘‘कोणा परक्याच्या पायान काय चूक झाली असात, ती पदरात घे म्हाराजा!’’

‘‘होय म्हाराजा!’’

मी अब्बासकडे बघत होतो. जन्मभराची सवय. गावाबरोबर त्याचेही ओठ हलले, आणि त्यानेही म्हटले, ‘होय म्हाराजा.’ फातिमाने त्याची बाही ओढली. तेव्हा कुठे, आपण कशाला होकार दिला हे त्याच्या ध्यानात आले असावे. कारण त्याचे तोंड तसेच थोडे उघडे राहिले.

दुसऱ्या खेपेला उजवी पाकळी पडली. ओरडा झाला, ढोल वाजला. भाईने गाडीवर बसून एक किक मारली. गाडी खोकली नाही, अडली नाही. अब्बासच्या हातची होती. नारळ पुढ्यात घेऊन, कॅमेऱ्यासमोरून, मानकरी गावात शिरला. मागोमाग अब्बासने पाऊल उचलले, तर गुरव हळूच आडवा आला. ‘‘अब्बास, आज ऱ्हवांदे.’’

एवढेच. कुणी शिवी दिली नाही, धक्का दिला नाही. गाव त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत निघून गेला. देवळात धूप पेटवायला मुंबईच्या कुणीतरी खिशातला लायटर काढून दिला. चट्दिशी पेटला. ‘‘बरां झालां,’’ गुरव म्हणाला, ‘‘फुकूक लागला नाय.’’

मी मागे राहिलो होतो. मी, अब्बास, फातिमा आणि टोपल्यातल्या कोंबड्या असे आम्ही सगळ्यांत शेवटी गावात शिरलो. घरी आल्यावर अब्बास ते सोडण हातात धरून अंगणात उभाच राहिला. ठेवायचे कुठे हे त्याला कळत नव्हते. फातिमाने त्याच्या हातातून ते काढून घेतले, चुलीत उपडे केले आणि वर चहाचे आधण ठेवले. ‘‘दाजीनू, बसा,’’ ती म्हणाली. ‘‘देवाच्या विस्तवार चाय पिवन जावा.’’ इतका कडू चहा मी पुन्हा प्यायलो नाही, आणि साखर तिने नेहमीपेक्षा जास्त घातली होती.

यानंतर अब्बास गावावर रुसला असेल असे वाचणाऱ्याला वाटेल. तसे काही झाले नाही. पडवी तशीच, गाड्या तशाच. आबांची गाडीसुद्धा त्याच्याचकडे येत राहिली. भाई स्वतः येईनासा झाला. त्याचा मुलगा धनेश गाडी आणून लावायचा आणि फोन करायच्या निमित्ताने लांब जाऊन उभा राहायचा. अब्बास निमूटपणे प्लग साफ करायचा, पॉइंट घासायचा. मी एकदा चिडून म्हटले, ‘‘अरे, हात कसो लावतंस तिका?’’ तर म्हणाला, ‘‘गाडयेन माझां काय वाईट केल्यान, दाजीनू?’’

भाईलाही मी वाईट माणूस म्हणणार नाही. त्याने शाळेला जागा दिली, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तो दोन रात्री माझ्या उशाशी होता. तो वाईट नाही, भित्रा आहे. मानकरी म्हणून त्याला जे मिळाले ते सगळे बापाचे होते, गाडीसुद्धा. गमावायची पाळी आली तेव्हा स्वतःचे असे त्याच्याजवळ काही नव्हते, म्हणून त्याने अब्बासचे दिले.

नाटक मात्र अब्बासने सोडले. जत्रेत पहिल्या रांगेतली त्याची जागा रिकामी असायची. विचारले तर म्हणायचा, ‘‘डोळ्यांक दिसना नाय.’’ त्याच डोळ्यांनी तो कार्बोरेटरच्या जेटमधले केसाएवढे भोक साफ करायचा.

यंदा पुन्हा पळण आली. झाप बांधायची गडबड सुरू झाली. मी अब्बासकडे गेलो, तर पडवीत कसलीही बांधाबांध नव्हती. कोंबड्या अंगणात मोकळ्या.

‘‘मी येवचंय नाय,’’ तो म्हणाला.

‘‘अरे, सगळो गाव भायर जाता.’’

‘‘जावंदे. मी घरात बसतलंय. फातिमा बसतली. चूल पेटतली, नमाज होतलो.’’ तो पान्याने हळूहळू एक नट आवळत होता. ‘‘बघूया, देव कौल देता काय.’’

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. ‘‘म्हणजे तुका...’’

‘‘दाजीनू, मागच्या खेपेक मी घटकाभर आत गेलंय, तर देवान गाव अडवल्यान. आता तीन दिस आत ऱ्हवतलंय. अडवल्यान तर मी गावातलो, इतक्या माका पुरा.’’

मी त्याला समजावले नाही. समजावण्यासारखे काय होते? फातिमा दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘मीया म्हटलां, चल माझ्या भयणीकडे वेंगुर्ल्याक. आयकनत नाय.’’

गाव बाहेर पडला. होडेकर आत आहेत हे सगळ्यांना माहीत होते. साकवावर उभे राहिले की सकाळी त्यांच्या छपरातून निघणारा धूर स्पष्ट दिसायचा. मला वाटत होते, कुणीतरी आरडाओरडा करील. जाऊन त्याला ओढून आणू म्हणेल, देव कोपेल म्हणेल. मी वाट पाहत होतो. खरे सांगतो, मनातून मला ते हवे होते. पण बायका पाणी भरताना त्या धुराकडे बघत आणि कोळंबीच्या भावाबद्दल बोलत. भाई तर तिकडे पाठ करूनच बसायचा. अनुजा यंदा आली नव्हती, दुसरेच कुणी आले होते. त्यांनी विचारले, तो धूर कसला? भाई म्हणाला, ‘‘तिथे एक कुटुंब राहतं. त्यांना ही प्रथा लागू नाही.’’ कॅमेऱ्यासमोर होता म्हणून शुद्ध मराठीत म्हणाला.

चौथ्या सकाळी पाषाणाला पाकळ्या चिकटवल्या. गुरवाने अजून देवाचे नावही पुरते घेतले नव्हते, तोच उजवी पडली. इतका लवकर कौल मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. लोक आनंदाने एकमेकांच्या पाया पडले. भाईने आबांच्या गाडीला किक मारली.

मी म्हातारा, शेवटाला चालणारा. होडेकरांच्या पडवीशी पोचलो तेव्हा अब्बास उंबऱ्यावर बसला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा. हातात काही काम नव्हते. त्याला मी असा बिनकामाचा बसलेला कधी पाहिला नव्हता. ढोल त्याने ऐकला असणारच.

‘‘कौल झालो?’’ त्याने विचारले.

‘‘झालो.’’

‘‘डाव्यार अडलो होतो काय, आधी?’’

मी नट आहे. एक वाक्य रचणे मला कठीण नव्हते. डावी पडली रे, मग भाईने क्षमा मागितली, मग उजवी पडली. पण तो सबंध चेहरा पुढे करून माझ्याकडे बघत होता, आणि मागच्या रस्त्यावरून बाकीचे लोक येतच होते.

‘‘नाय,’’ मी म्हटले. ‘‘पयल्याच खेपेक उजवी.’’

त्याने मान हलवली. ‘‘बरां झालां,’’ म्हणाला. आतून फातिमाने विचारले, ‘‘काय म्हणतत दाजी?’’

‘‘काय नाय,’’ अब्बास म्हणाला. ‘‘गाव इलो.’’

त्याने उठून मला स्टूल दिले. मी बसलो. वाटेने लोक परतत होते, डोक्यावर बोचकी, काखेत कोंबड्या, दाव्याला गुरे. जाता जाता जो तो पडवीत डोकावून, अगदी प्रेमाने विचारत होता, ‘‘काय अब्बास, बरां मां?’’ आणि अब्बास प्रत्येकाला ‘बरां, बरां’ म्हणत होता. तीन दिवस तू कुठे होतास, असे त्याला एकानेही विचारले नाही.